माझ्या नावाचा घास

प्रिय विहीणबाई,

तुमचा स्टीलचा डबा परत पाठवतेय. रिकामा डबा पाठवायचा नसतो, म्हणून आत नारळाच्या वड्या केल्यात आणि वड्यांवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून हे पत्र ठेवलंय. वड्या व्याह्यांना द्या. दत्तारामभाऊंना गोड चालत नाही असं तुमची अंबिका म्हणते, पण लग्नात त्यांनी किती जिलब्या खाल्ल्या ते मी पाहिलंय. पत्र मात्र तुम्हीच वाचायचं. तुमच्या सूनबाईला वाचून दाखव म्हणू नका. तुम्ही सातवीपर्यंत शिकलात आणि माझं अक्षर टेलिफोन ऑफिसात सगळ्यांना लागायचं. थोडा वेळ लागेल, लागू दे. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. फोनवर तुम्ही आधी विचारता, ‘गिरिजाबाय, गुडघं कसं हायेत?’ आणि मग मला भांडताच येत नाही.

होय, भांडायचंच आहे मला. रविवारपासून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय. आमचे हे म्हणाले, एवढ्या छान सहलीहून आलीस आणि तोंड एवढंसं का? त्यांना काय सांगणार? तेसुद्धा येताना गाडीत म्हणत होते की कमळाबाई होत्या म्हणून मजा आली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, माझ्यामुळे मजा आली असं या माणसाने कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

विहीणबाई, तुम्हाला एक गोष्ट ठाऊक नसेल म्हणून सांगते. ती सहल माझी होती. उत्तनच्या पुढे कुणीतरी आपल्या वाडीत छोटी प्राण्यांची बाग काढलीय हे मला आमच्या सोसायटीतल्या हंसाबेननी सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात होतं की जूनमध्ये मुलं नव्या घरी जायच्या आधी रीमा आणि राजला मी तिथे नेणार. मी, एकटी. फार तर हे सोबत, पाण्याच्या बाटल्या धरायला. केबिन रोडवर जाऊन दोघांना टोप्या आणल्या, रीमाला प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक आणलं. रोज दुपारी पुस्तक घेऊन बसायचो आम्ही. चार वर्षांची पोर, पण कासव, ससा, शहामृग सगळं बोट ठेवून सांगायला लागली. राज अडीच वर्षांचा, त्याला सगळेच भू भू. मला वाटायचं, मोठी झाल्यावर ही पोरं म्हणतील की पहिल्यांदा प्राणी बघितले ते आजीबरोबर. एवढीच माझी हाव होती. आणि शुक्रवारी अभिनव ऑफिसातून आला तो बूट काढता काढताच म्हणाला, आई, तुला दोघं आवरणार नाहीत, मी सासूबाईंनापण बोलावलंय. आईला विचारलंसुद्धा नाही. अंबिकानेही मान डोलावली. माझे गुडघे या घरात माझ्यापेक्षा मोठे झालेत.

आणि जूनचं तर काय बोलू. भाईंदर वेस्टला त्यांचा फ्लॅट तयार झाला, आनंद आहे. आमच्या पूनम सागरच्या वन बीएचकेत सहा माणसं राहायची म्हणजे सकाळी बाथरूमपुढे रांग, हे मलाही कळतं. पण फ्लॅट घेतला तो नेमका तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. रीमाची शाळा तिकडेच. दिवसभर मुलं तुमच्याकडे. अंबिका मला म्हणाली, आई, आता तुम्ही आराम करा. किती प्रेमाने म्हणाली! आणि मला वाटलं, हिने माझ्या हातातून भरलं ताट काढून घेतलं. अंबिकाची रजा संपली तेव्हा रीमा सहा महिन्यांचीही नव्हती. तेव्हापासून तिला मी न्हाऊ घातलंय, मी झोपवलंय, तिच्या तापात मी जागलेय. राज तर माझ्या मांडीवरच बसायला शिकला. आणि आता आराम करा! वर कळलं की तुम्ही मार्केटातली तुमची जागा भावजयीला दिलीत, मुलांसाठी मासळीची पाटी बंद केलीत. लोक किती कौतुक करतायत तुमचं. मी काय सोडणार होते हो? मी तर आधीच रिटायर. माझ्याकडे सोडायला ही दोन पोरंच होती, ती तुम्हालाच सोडायची.

तर रविवार. तुम्ही गाडीत चढलात आणि दोघं ‘आये, आये’ करत तुमच्या अंगावर पडली. हेही सांगून टाकते, मला ते कधीच आवडलं नाही. अंबिका तुम्हाला आये म्हणते म्हणून पोरंही म्हणतात, त्यात तुमचा काय दोष? पण मी नुसती आजी आणि तुम्ही आये. आठवड्यातले सहा दिवस मी, आणि तुम्ही रविवारच्या. मनात येतं की या नात्यांची वाटणी कुणी केली, मला कुणी विचारलं होतं? त्यात परवा राजला दूध दिलं तर मला म्हणतो, ‘न्हाय.’ अहो, आमच्या घरात कुणी न्हाय म्हणत नाही. रविवारच्या रविवार जाऊन त्याने ते उचललं, आणि मी रोज शुभं करोति म्हणते त्यातला एक शब्द त्याच्या तोंडातून फुटत नाही.

बागेत गेल्यावर पहिलाच पिंजरा त्या उंच पक्ष्याचा. मी रीमाला पुढे केलं आणि तयारीने विचारलं की सांग बरं हा कोण. ती म्हणाली, शहामृग. माझी छाती फुगली. आमच्या यांनी पाटी वाचली आणि म्हणाले, अगं, हा एमू आहे. आता एमू काय आणि शहामृग काय, माझ्या पुस्तकात एमू नव्हता, मी काय करू? मी सावरून सांगायला लागले की एमू हा ऑस्ट्रेलिया नावाच्या देशात, आणि तेवढ्यात तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणालात, ‘आगो बाय, ही तर उंच कोंबडी!’ संपलं. रीमा हसून हसून खाली बसली. राज उंच कोंबडी, उंच कोंबडी करत जाळीपुढे नाचायला लागला. तिकडे आलेल्या दुसऱ्या कुणाची मुलंपण ओरडायला लागली. मी रीमाला म्हटलं, कोंबडी नाही बाळा, एमू. तर ती मला काय म्हणाली? ‘कोंबडीच हाय ती, आजी.’ हाय! माझ्या रीमाच्या तोंडून. मी पुस्तक पर्समध्ये टाकलं आणि दिवसभर बाहेर काढलं नाही. तुमच्या लक्षात आलं नसेल.

पुढे ससे, मग ते गिनी पिग का काय, मग कासव. कासव हललं नाही, ते बरं झालं, त्याच्यापुढे मला दोन मिनिटं बसता आलं. मी म्हटलं, आता राजला मी गाढव दाखवते. तर राज कुठे? तुमच्या मागे. आणि तुमच्या मागे नुसता राज नव्हता. त्या बागेतली सगळी मोकाट मांजरं तुमच्या मागे! तुमच्या पिशवीत सुक्या बोंबलाची चटणी होती ना. एक मांजर, मग दुसरं, मग पिल्लांना घेऊन एक. तुम्ही पुढे आणि शेपट्या वर करून मांजरांची मिरवणूक मागे. हौसेनं तिकीट काढून गेलो ते एमू आणि गाढव बघायला, आणि माझी नातवंडं मांजरं बघत बसली. मांजरं आमच्या बिल्डिंगखालीपण आहेत हो! मी आईस्क्रीम देते म्हटलं, तरी उठली नाहीत. तुम्ही मला हाक मारून म्हणालात, या गिरिजाबाय, बगा कशी बसलीत. मी म्हटलं, माझा पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता. पोटात दुखत होतं, कुठलं दुखणं ते आता कळलंच असेल तुम्हाला.

पण हे सगळं मी गिळलं असतं. त्या टर्कीचं मात्र गिळता येत नाही. आठवतंय ना, तळ्याच्या बाजूला ती काळी टर्की मोकळीच फिरत होती? तिने पिसं फुलवली, लाल गळा हलवला आणि असा काही आवाज काढला की मीसुद्धा दचकले. राज तिच्या समोरच उभा. मी त्याच्या सगळ्यात जवळ होते, विहीणबाई. तुम्ही पार तिकडे झाडाखाली. मी हात पसरले, खाली वाकलेसुद्धा, माझ्या या गुडघ्यांनी. आणि तो किंचाळत पळाला तो माझ्या हाताखालून. अक्षरशः हाताखालून. माझ्या साडीला त्याचं डोकं घासून गेलं. पळाला तो थेट तुमच्याकडे, आये म्हणत, आणि तुमच्या गळ्यात पडला. तुम्ही त्याला घट्ट धरलंत, त्या टर्कीला दोन शिव्या दिल्यात, आणि तो रडता रडता हसायला लागला. मी तशीच वाकलेली. मला उठता येईना. यांनी येऊन उठवलं, आणि यांना वाटलं गुडघा धरला. मी म्हटलं, हो, गुडघाच.

त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की काय सांगू. वाटलं, बाईंनी काय केलंय असं? कुठल्या तापात जागल्यात? रविवारी बोलवायचं, मासळी खाऊ घालायची आणि पोरं पळवायची. बोलू नये ते मनात आलं, ते मी लिहीत नाही.

म्हणून जेवायला बसलो तेव्हा मी मुद्दाम पाठ करून बसले. मी पहाटे उठून मऊ वरणभात केला होता, वर साजूक तूप, राजला आवडतो म्हणून. तुम्ही तुमचा डबा उघडलात, तांदळाची भाकरी आणि ती चटणी, आणि वरणभाताकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी माझं झाकण लावलं, मग उगाचच पुसलं, परत लावलं. मागे तुम्ही दोघांना भरवत होता, मला सगळं ऐकू येत होतं. मी वाट बघत होते की आता चिऊचा घास म्हणाल, काऊचा म्हणाल. आमच्याकडे तसंच चालतं. माझ्या आईपासून. चिऊ, काऊ, माऊ, त्यातला कोण आला आणि किती खाऊन गेला, यातच ताट संपतं. पण तुम्ही काही बोलायच्या आतच रीमाने तोंड मिटून घेतलं आणि म्हणाली, ‘आये, आधी पूनम सागरच्या आजीचा घास.’

मला वाटलं, मला चिडवते. मी मान वळवली. तर राजसुद्धा तोंड मिटून बसलेला. आणि तुम्ही हसून त्यांना म्हणालात, आरं, आजी हितंच बसली हाय की. मग मला सांगायला लागलात, अगदी सहज, भाकरी कुस्करता कुस्करता. की तुम्ही लहान असताना तुमचे वडील बोटीवर गेले की दिवसच्या दिवस यायचे नाहीत. आले की दाढी वाढलेली, अंग काळं पडलेलं, आणि घरातली धाकटी पोरं परका माणूस समजून भोकाड पसरायची. म्हणून तुमची आई रोज पहिला घास त्यांच्या नावाचा भरवायची. जो दर्यावर गेला, त्याचा घास पहिला. नाव रोज तोंडात राहिलं की माणूस परका होत नाही. जो घरात आहे त्याच्या नावाचा घास घेत नाहीत, त्याने आपला आपण खावा. आणि म्हणालात, रविवारी पोरं माझ्याकडं येतात तवा पयला घास तुमच्या नावाचा. आता जूनपासून रोज घेईन. मुळीच काळजी करू नका, गिरिजाबाय, पोरं तुम्हाला विसरायची न्हाईत.

तुम्ही हे किती चांगल्या मनाने बोललात ते मला कळत होतं. आणि तरी माझ्या काळजात चर्र झालं. दोन कारणांनी. एक तर आमच्या चिऊकाऊमध्ये मी इतक्या वर्षांत एकदाही ‘हा घास आयेचा’ म्हटलं नाही. कुत्र्याच्या शेपटीचा घास काढला मी, खारीचा काढला, समोरच्या गच्चीवरच्या कबुतराचा काढला, तुमचा नाही. मनातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते येऊ दिलं नसेल. आणि दुसरं, मायेतसुद्धा तुम्ही माझ्या पुढे! पोरं तुमची, मांजरं तुमची, टर्कीसुद्धा तुम्हाला घाबरते, आणि वर मनाचा मोठेपणाही तुमचाच. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवाल की नाही? जळफळाट म्हणतात तो कसा असतो ते मला त्या झाडाखाली बसून समजलं. वाईट बाईचा हेवा करणं सोपं असतं हो. तुमचा करायचा म्हणजे फार जड जातं.

आणि तेवढ्यात रीमा उठली. तिचं लॉजिक सरळ. आजी इथेच आहे, तर आजीचा घास आजीलाच. तुमच्या हातातला तो घास घेऊन ती आली आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत माझ्या तोंडात कोंबलाच. भाकरी आणि बोंबलाची चटणी. तुम्हाला माहितीय, अभिनव-अंबिकाच्या लग्नापासून मी तुमच्या घरी सुकं कधी खाल्लं नाही. सोसत नाही म्हणते. खोटं आहे ते. आम्ही रत्नागिरीचे, आमच्या घरी सुक्याशिवाय पान हलत नसे. मी तुमच्याकडे खाल्लं नाही कारण चांगलं लागलं असतं तर तसं म्हणावं लागलं असतं. आणि चांगलं होतं. लिहिताना हात जड होतोय, पण चांगलं होतं. माझ्या आईच्या हातचंसुद्धा इतकं बरोबर भाजलेलं नसायचं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ठसका लागला, तो तिखटाचा होता असं मी सांगितलं. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात आणि डोळे पुसायला तुमचा पदर पुढे केलात. तिखटाचा नव्हता, हे तुम्हाला कळलं असणार. तुम्ही काही बोलला नाहीत, त्याबद्दल मात्र मी तुमची आभारी आहे.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तुमचं एकच वाक्य फिरतंय. जूनपासून रोज घेईन तुमच्या नावाचा. मी मनातल्या मनात ते बघते. तुमच्या ओटीवर दुपारी दोघं बसलीयत, तुम्ही घास पुढे केलाय, पोरं म्हणतायत, हा पूनम सागरच्या आजीचा. आणि मी इथे पूनम सागरला, टीव्ही लावून, यांचं आणि माझं, दोनच पानं वाढतेय. मी काही बोटीवर गेलेली नाही, विहीणबाई. रविवारी पोरं येतात तीच रिक्षा, तोच रस्ता. मला स्टेशनचा जिना चढवत नाही हे खरं, पण रिक्षा पुलावरून वळसा घालून तुमच्या दारात येते, मी काल विचारून आलेय.

तर कामाचं सांगते, त्यासाठीच एवढं सगळं लिहिलं. जूनपासून माझ्या नावाचा घास घेऊ नका. मी येतेय. रोज, पोरांच्या जेवणाच्या वेळेला. माझं पान मी आणीन, भाजी मी निवडीन, एक दिवस तुम्ही भरवा, एक दिवस मी. राज तुमच्याकडे पळाला तर पळू दे, मी दात ओठ खाईन पण काही बोलणार नाही. अभिनव-अंबिकाला मी हे विचारलेलं नाही, त्यांच्याकडे मागायला मला कमीपणा वाटतो. तुमच्याकडे मागायलाही वाटतोय, पण मागतेय. घरात असलेल्या माणसाच्या नावाचा घास घेत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग मला घरात घ्या.

तुमच्यावर जळणारी, तरी तुमचीच,
गिरिजा